डोंगरीचं कापड आणि अकरा सिस्टर : लोस बान्योसच्या छावणीतला एक गणवेश

वॉर्डनंबरसात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मी ३४ वर्षं सिस्टर म्हणून ड्युटी केली. पांढऱ्या कपड्यांना खळ घालायची, इस्त्री फिरवायची, कॅपला पिना लावायच्या आणि पहाटे साडेपाचला घर सोडायचं, ही सवय इतकी अंगात मुरली आहे की अजून जाग तेव्हाच येते. त्यामुळे कुठेही नर्सचा गणवेश दिसला की मी थांबून बघतेच. बाही कुठवर आहे, कॉलर कशी बसवलीय, कापड धुण्याला टिकेल का, हे आधी बघते.

गेल्या आठवड्यात भाचीनं एक फोटो पाठवला. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनचं अमेरिकी इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्यांच्या संग्रहातला हा गणवेश. डोरोथी स्टिल नावाच्या अमेरिकी नौदलाच्या नर्सचा, दुसऱ्या महायुद्धातला. पांढरा नाही. जाड निळं डेनिम, खलाशी डेकवर कामाला वापरतात त्या जातीचं, आणि त्याचा ड्रेस शिवलेला. तो ती वापरत होती जपान्यांच्या कैदेत.

फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. मग जे मिळालं ते वाचलं. आता तुम्हाला सांगते.

१९४१ चा डिसेंबर. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या उपसागरावर काविते इथे अमेरिकी नौदलाची गोदी होती आणि तिच्याजवळ कनाकाओचं नौदल इस्पितळ. तिथे १२ नर्सेस, मुख्य नर्स लॉरा कॉब. १० डिसेंबरला जपानी विमानांनी कावितेची गोदी जाळली आणि इस्पितळात जखमींची रीघ लागली. तिथे राहणं धोक्याचं झालं म्हणून रुग्ण आणि कर्मचारी मनिला शहरात हलवले. पुढे सैन्य बातानच्या द्वीपकल्पात मागे सरकलं, पण नौदलाच्या या नर्सेस रुग्णांबरोबर शहरातच राहिल्या. एकटी अ‍ॅन बर्नाटिटस लष्कराच्या शस्त्रक्रिया पथकाबरोबर बातानला गेली होती. ती तिथून कोरेगिडोर बेटावर पोचली आणि ३ मे १९४२ ला 'स्पिअरफिश' पाणबुडीतून सुटली. उरल्या ११.

२ जानेवारी १९४२ ला जपानी फौजा मनिलात शिरल्या आणि या ११ जणी कैद झाल्या. मार्चमध्ये त्यांना सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात नेलं. तिथे हजारो नागरिक डांबलेले होते: व्यापारी, मिशनरी, त्यांच्या बायका, मुलं. वर्ष सरता सरता लष्कराच्या साठाहून जास्त नर्सेसही तिथे आल्या. मे १९४३ मध्ये जपान्यांनी लोस बान्योस इथे, कृषी महाविद्यालयाच्या आवारात, दुसरी छावणी काढली. आधी ८०० पुरुष पाठवले. त्यांच्याबरोबर इस्पितळ चालवायला कॉब यांच्यासह या ११ जणी गेल्या. पावणेदोन वर्षं त्यांनी तिथे वॉर्ड चालवला. आमांश, मलेरिया, डेंगी, आणि शेवटी शेवटी बेरीबेरी. १९४४ च्या अखेरीस रेशन इतकं घटलं की माणसं उपासमारीनं सुजायला लागली. ज्यांची शुश्रूषा करायची ते उपाशी आणि करणारीही उपाशी.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती. या ११ जणी पकडल्या गेल्या तेव्हा नौदलाच्या लेखी त्यांना हुद्दाच नव्हता. त्या अधिकारी नव्हत्या आणि खलाशीही नव्हत्या. हुद्द्याचा पहिला कायदा आला जुलै १९४२ मध्ये, म्हणजे त्या कुंपणाच्या आत गेल्यावर सहा महिन्यांनी. आणि खरा, अधिकाऱ्याचा म्हणावा असा हुद्दा फेब्रुवारी १९४४ मध्ये. त्या दोन्ही वेळी त्या आतच होत्या. बाहीवर सोनेरी पट्टी नाही, दंडावर काही नाही, पगार हातात नाही, देश दहा हजार किलोमीटर लांब. आणि तरी अंगावर ड्युटीचा पोशाख. कुणी सांगितलं होतं? लोस बान्योसच्या त्या वॉर्डात तपासणीला येणारं कुणी नव्हतं.

मी नोकरीत असताना गणवेशाकडे शिस्त म्हणून बघत आले. कॅप तिरकी दिसली तर मेट्रन रागवायच्या, एवढंच. या निळ्या ड्रेसनं मला वेगळंच सांगितलं. तापात भ्रमिष्ट झालेल्या माणसाला रात्री डोळे उघडल्यावर समोर कपड्यांवरून ओळखू येणारी नर्स दिसली की तो पुन्हा डोळे मिटू शकतो. मी हे हजारदा पाहिलंय. पण त्या मागचं कारण कपडा आहे, हे मनाशी कधी असं स्पष्ट म्हटलं नव्हतं.

कुणाला आरमारी नर्सेसबद्दल, कापडाबद्दल, आपल्याकडच्या सैनिकी नर्सिंगबद्दल माहिती असेल तर जरूर लिहा.

---

गलबत

ताई, फार चांगला धागा. एक प्रश्न. नौदलात असून हुद्दा नाही म्हणजे नेमकं काय? पगार तर मिळत असेलच ना? आणि डॉक्टरांना तर हुद्दा होता.

---

वॉर्डनंबरसात

@गलबत, पगार होता. डॉक्टरांना हुद्दाही होता. नर्सेसचं असं झालं की १३ मे १९०८ ला कायद्यानं नौदलात नर्स कोअर, म्हणजे नर्सेसचं वेगळं दल, सुरू झालं, तेव्हा त्यांना घ्यायचं कुठे हे ठरवलंच नाही. पहिल्या तुकडीत २० जणी होत्या. पुढे नौदल त्यांना आदरानं 'पवित्र वीस' म्हणू लागलं, पण १९०८ च्या ऑक्टोबरात त्या वॉशिंग्टनला रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या राहण्याची सोय नव्हती आणि जेवणाचीही नव्हती. त्यांनी स्वतः घर भाड्यानं घेतलं आणि मिळून स्वयंपाक केला.

त्यांतल्याच एक लीना हिग्बी. १९११ मध्ये त्या कोअरच्या प्रमुख झाल्या आणि पहिलं महायुद्ध त्यांनीच निभावलं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत नौदलाच्या नर्सेस रुग्णांबरोबर आजारी पडल्या, काही गेल्या. हिग्बींना नेव्ही क्रॉस हा नौदलाचा सन्मान मिळाला. साथीत मरण पावलेल्या तिघींना तो मरणोत्तर मिळाला. दुसऱ्या महायुद्धात एका विनाशिकेला हिग्बींचं नाव दिलं, नौदलात सेवा केलेल्या बाईचं नाव मिळालेली ती पहिली लढाऊ नौका. पण हुद्दा मात्र १९४२ पर्यंत नाही.

वॉर्डात याचा अर्थ काय होतो ते सांगते. नर्सनं खलाशी मदतनिसाला, म्हणजे त्यांच्या कोअरमनला, सांगितलं की या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळव, तर ते त्यानं ऐकावं असा संकेत होता. पण तिच्या शब्दाला कायद्याचं बळ कितपत, हा प्रश्न राहायचाच. ज्यांनी वॉर्ड सांभाळलाय त्यांना कळेल.

---

ताणाबाणा

मी इचलकरंजीचा, घरी दोन पिढ्या मागाचा धंदा. नर्सिंगमधलं मला काही कळत नाही, पण कापडाबद्दल लिहितो.

ताई, तुम्ही ज्याला डेनिम म्हणता त्याला अमेरिकी खलाशी 'डंगरी' म्हणायचे. १९०१ पासून त्यांच्या नौदलात कामाच्या वेळी डंगरीची विजार आणि वरचा सदरा घालायची मुभा होती. आणि डंगरी हा शब्द कुठला? आपल्या मुंबईतल्या डोंगरीचा! डोंगरी किल्ल्याजवळच्या वस्तीत जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जायचं. पोर्तुगीज आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांवर ते शिडाला, तंबूला आणि खलाशांच्या कपड्याला लागायचं. कापडाला गावाचं नाव पडलं आणि ते नाव इंग्रजीत जाऊन बसलं.

विणीबद्दल. डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभा धागा, नीळ देऊन रंगवलेला असतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, पांढरा राहतो. वीण ट्विलची, म्हणजे तिरक्या रेघेची. म्हणून कापडाचा दर्शनी भाग निळा दिसतो आणि उलटी बाजू फिकट. ट्विल असल्यामुळे घट्ट बसतं, घासलं तरी लवकर विरत नाही, आणि मळ चटकन दिसत नाही. साबण जेमतेम असेल तिथे हा शेवटचा गुण फार मोलाचा. मांजरपाटाचा ड्रेस केला असता तर पावणेदोन वर्षं टिकला नसता.

शिवायला मात्र हाताचा घाम काढणारं कापड आहे. जिथे चार थर येतात, म्हणजे काखेत आणि कमरेच्या पट्टीपाशी, तिथे साध्या मशीनची सुई मोडते.

---

वॉर्डनंबरसात

@ताणाबाणा दादा, डोंगरीचं वाचून अंगावर काटा आला. माझं शिक्षण जे. जे. ला झालं, डोंगरी तिथून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षं त्या रस्त्यानं गेले असेन, कधी माहीत नव्हतं. धाग्याचं शीर्षक बदललंय.

---

पॅसिफिककिनारा

मी गेली १९ वर्षं सॅन डिएगोला राहतो. इथे बाल्बोआ पार्कला लागून मोठं नौदल इस्पितळ आहे आणि आजूबाजूला निवृत्त नौदलवाले पुष्कळ. माझ्या शेजारी एक आजी राहायच्या, युद्धाच्या शेवटच्या वर्षी नौदलात नर्स होत्या. आता नाहीत. त्यांनी त्यांची केप मला हातात घेऊन दाखवली होती. गडद निळी लोकर, आत मरून रंगाचं अस्तर. वजन चांगलंच होतं. म्हणाल्या होत्या, रात्रपाळीला एका इमारतीतून दुसरीत जाताना हीच पांघरूण आणि हीच उशी.

त्यांच्याकडून कळलेलं आणि नंतर वाचलेलं थोडं लिहितो. वॉर्डातला वेष पांढराच होता. १९४२ नंतर पांढऱ्या कॅपवर काळी मखमली पट्टी आणि तिच्यावर सोनेरी रेघ आली. रेघांवरून हुद्दा कळायचा. बाहेर जाताना नेव्ही ब्लू रंगाचा दुहेरी बटणांचा कोट, सोनेरी बटणं, बाहीवर इतर नौदल अधिकाऱ्यांसारख्या सोनेरी पट्ट्या. कॉलरवर नांगर आणि त्यावर ओकचं पान. डॉक्टरांच्या चिन्हात ओकच्या पानावर ओकचं फळ असतं, नर्सेसच्या चिन्हात नुसतं पान.

कोअरच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू डॉसर. अमेरिकी नौदलात कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोचलेली पहिली बाई त्याच. बाहीवर चार पट्ट्या. युद्ध संपेपर्यंत नर्सेसची संख्या ११ हजारांवर गेली होती.

आजी कॅपवरच्या त्या रेघेबद्दल बोलताना बोटानं कपाळाच्या वर रेघ ओढून दाखवायच्या. ८९ वर्षांच्या वयात.

---

शंखशिंपले

पर्ल हार्बरबद्दल एक भर घालते, कारण ती कपड्यांशीच जोडलेली आहे.

७ डिसेंबर १९४१ ला 'सोलेस' हे हॉस्पिटल जहाज पर्ल हार्बरमध्येच नांगरलेलं होतं आणि त्याला धक्का लागला नाही. त्याच्या मुख्य नर्स ग्रेस लॅली. हल्ला सुरू झाल्यावर थोड्याच वेळात जखमी यायला लागले, आणि त्यांत भाजलेले फार. किनाऱ्यावरच्या नौदल इस्पितळातही तेच.

हवाईचं हवामान उबदार, त्यात रविवारची सकाळ. बरेच खलाशी अर्ध्या चड्डीत, अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर होते. स्फोटाची ज्वाळ क्षणभरच असते, पण उघडी कातडी होरपळते. नंतर डॉक्टरांच्या लक्षात आलं की जिथे अंगावर कापड होतं, अगदी पातळ सुती का असेना, तिथली कातडी वाचली होती. बनियनच्या कडेपर्यंत भाजलेलं आणि कडेच्या आत धड. त्यानंतर जहाजांवर अंग झाकून राहण्याचे हुकूम निघाले.

आणि भाजलेल्यांवर टॅनिक अ‍ॅसिड फवारायला काय वापरलं? फ्लिटचा पंप! आपल्याकडे घरोघरी ढेकूण-डासांना असायचा तोच, मागे दांडा आणि पुढे डबी. एकेकाला कापसानं लावत बसायला वेळ नव्हता, माणसं रांगेनं पडलेली होती. (टॅनिक अ‍ॅसिड आता भाजण्यावर वापरत नाहीत, कुणी घरी प्रयोग करू नका.)

---

गलबत

हॉस्पिटल जहाजांचा विषय निघालाच आहे तर 'कम्फर्ट' जहाजाचा उल्लेख हवा. २८ एप्रिल १९४५, ओकिनावाच्या जवळ. पांढरं रंगवलेलं, लाल क्रॉस काढलेले, नियमाप्रमाणे सगळे दिवे लावलेले जहाज. त्यावर जपानी आत्मघातकी विमान येऊन आदळलं, थेट शस्त्रक्रियागृहावर. नौदलाच्या सहा नर्सेस गेल्या.

---

पॅसिफिककिनारा

@गलबत, एक दुरुस्ती. 'कम्फर्ट' चालवणारे लोक नौदलाचे होते, पण वैद्यकीय पथक लष्कराचं होतं. त्या सहा नर्सेस आर्मी नर्स कोअरच्या. त्या जातीची तीन जहाजं अशीच चालायची, जहाज नौदलाचं आणि इस्पितळ लष्कराचं. त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो.

---

गलबत

धन्यवाद. मूळ प्रतिसादात बदल करत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला दुरुस्ती का आली ते कळेल. त्या सहा जणी लष्कराच्या.

---

कुलाबाकर

हा धागा वाचून आईची ट्रंक उघडली. आई मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती आणि तिची तीन वर्षं कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनीमध्ये गेली. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांचं नाव नौदलाच्या इस्पितळाला. मी तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. समुद्राचा वास आणि डेटॉलचा वास माझ्या डोक्यात एकच आहे.

आपल्या नौदलाला वेगळी नर्सिंग सेवा नाही. तिन्ही दलांना मिळून एकच मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे आणि तिचे हुद्दे लष्करी पद्धतीचे. यातून लहानपणी माझा कायम गोंधळ व्हायचा. आई कॅप्टन झाली तेव्हा खांद्यावर तीन तारे. आणि त्याच आवारात नौदलाचे कॅप्टन साहेब होते, त्यांच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचे. मी वर्गात सांगितलं की माझी आई आणि ते साहेब एकाच हुद्द्याचे आहेत. आईनं घरी समजावून सांगितलं, आणि मग म्हणाली, तारे तीनच असले तरी ते मला कुणी दिलेले नाहीत, माझे आहेत. तेव्हा त्यातलं मला काही कळलं नव्हतं. ताईंनी वर लिहिलेलं १९४२ आणि १९४४ चं वाचून आज कळलं.

आपल्या या सेवेचा आरंभही मुंबईच्याच धक्क्यावर झालाय. १८८८ मध्ये १० ब्रिटिश नर्सेस मुंबईत उतरल्या, हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांत शुश्रूषेची घडी बसवायला. पुढे १९२६ मध्ये इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली. आणि १९४३ च्या अध्यादेशानं त्यातल्या नर्सेसना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. म्हणजे अमेरिकेत १९४४, आपल्याकडे १९४३. युद्धानं भाग पाडलं तेव्हा दोन्हीकडे झालं.

ट्रंकेत पांढरे दोन ड्रेस आहेत, खांद्याच्या पट्ट्या आहेत, पितळी तारे आहेत. ड्रेसवर पिवळे डाग पडलेत आणि एका ठिकाणी बारीक भोकं. फार वाईट वाटलं.

---

शंखशिंपले

@कुलाबाकर, आईंना नमस्कार सांगा, असतील तर. नसतील तरी.

भारतीय गणवेशाचाच विषय म्हणून, नर्सिंगच्या जरा बाहेरचं सांगते. युद्धकाळात रॉयल इंडियन नेव्हीची बायकांची शाखा होती, विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस. या मुली कारकुनी, संदेशवहन अशी कामं करायच्या. त्यांच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या, स्कॉटलंडमध्ये रोसाइथच्या नौदल तळावरचा त्यांचा फोटो आहे. अंगावर साडी, आणि खांद्यावर नौदलाच्या हुद्द्याच्या पट्ट्या! शेजारी ब्रिटिश पद्धतीच्या कोट-स्कर्टमध्ये त्यांच्या सहकारी अधिकारी. साडीवर हुद्दा लावायचा तर कुठे लावायचा, हा प्रश्न कुणीतरी बसून सोडवला असणार. मला तो फोटो फार आवडतो.

---

गलबत

ग्वाममधल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरच्या, पाच जणींचं राहून गेलं. १० डिसेंबर १९४१ ला ग्वाम पडलं, तिथल्या नौदल इस्पितळात पाच नर्सेस होत्या, मुख्य मॅरियन ओल्ड्स. त्यांना जानेवारीत जहाजानं जपानला नेलं, झेन्त्सुजीच्या छावणीत, पुढे कोबेला. ऑगस्ट १९४२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत 'ग्रिप्सहोम' जहाजातून त्या न्यूयॉर्कला पोचल्या. या पाचांतल्या लिओना जॅक्सन युद्ध संपायच्या आत पुन्हा ग्वामलाच ड्युटीवर गेल्या आणि पुढे १९५४ मध्ये सगळ्या कोअरच्या प्रमुख झाल्या.

जिथे कैद झाली तिथेच पुन्हा ड्युटी. या वाक्यापाशी मी थांबलो होतो.

---

रातपाळी

मी वाचनमात्र असते, आज लिहितेय. मी सध्या नोकरीत असलेली नर्स आहे.

हुद्द्याचं सगळं बरोबर आहे. पण तो गणवेश कुणाला घालायला मिळत होता, हेही लिहायला हवं. लग्न झालं की नौदलाच्या नर्सला सेवा सोडावी लागायची, हा नियम युद्धाच्या अखेरीस सैल झाला. आणि कृष्णवर्णीय नर्सेसना तर दारच बंद होतं. फिलिस डेली या पहिल्या कृष्णवर्णीय नर्सनं नौदलाची शपथ घेतली ती मार्च १९४५ मध्ये. युद्ध संपेपर्यंत ११ हजारांत अशा फक्त चौघी. देशभर प्रशिक्षित नर्सेसची टंचाई होती, सक्तीनं भरती करायची भाषा सरकार बोलत होतं, आणि तयार, शिकलेल्या बायका बाहेर उभ्या होत्या. ताईंनी लिहिलेल्या ११ जणींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्याच मार्चमध्ये, ६ तारखेला, जेन केन्डी ही २२ वर्षांची नर्स विमानानं जपानच्या इवो जिमा बेटावर उतरली. लढाई चालू असताना तिथे गेलेली नौदलाची पहिली फ्लाइट नर्स. तिच्या अंगावर विजार होती. विमानात स्ट्रेचरच्या तीन-तीन थरांमध्ये वर चढून सलाइन बघायचं तर झगा घालून कसं जमणार? मी रुग्णवाहिकेत काम केलंय म्हणून सांगते, हा बदल कोट-टोपीपेक्षा मोठा होता.

आणि एक स्वतःचं. २०२० मध्ये आम्ही सगळ्या पांढऱ्या पीपीई किटमध्ये होतो. डोळेसुद्धा चष्म्याआड. पेशंटला डॉक्टर कोण, सिस्टर कोण, सफाईवाली मावशी कोण, काही कळत नव्हतं. एक आजोबा रात्रभर "सिस्टर, सिस्टर" म्हणत होते आणि मी शेजारी उभी होते. दुसऱ्या दिवसापासून मी छातीवर मार्करनं मोठ्या अक्षरात 'सिस्टर' लिहायला लागले, खाली नाव. पुढे सगळ्यांनीच लिहिलं. किट कमी पडायची तेव्हा एक किट आठ-आठ तास, पाणी न पिता. त्याबद्दल तक्रार केली तर वरून जे उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही.

ताई, तुमचा तो तापातल्या माणसाचा परिच्छेद वाचून ते आजोबा आठवले. ते बरे होऊन घरी गेले.

---

वॉर्डनंबरसात

@रातपाळी, बाळ, तू लिहिलंस ते धाग्यात हवंच होतं. फिलिस डेलींचं मला लिहायला हवं होतं, माझं राहिलं. आणि आजोबा घरी गेले हे लिहिलंस, बरं केलंस.

गलबत यांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं की लोस बान्योसच्या त्या ११ जणींचं पुढे काय झालं. इथेच सांगते. २३ फेब्रुवारी १९४५, सकाळी ७ वाजता, हजेरीच्या वेळी. अमेरिकेच्या ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक छत्र्यांनी उतरले, त्याच वेळी फिलिपिनो गनिमांनी आणि आधीच जवळ येऊन दबा धरलेल्या तुकडीनं पहारेकऱ्यांवर हल्ला केला. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या लागुना दे बाय सरोवरातून आल्या. २,१४७ माणसं सोडवली. त्यांत एक बाळ होतं तीन दिवसांचं. त्या इस्पितळात, त्या उपासमारीत, ते बाळ जन्माला आलं आणि धड बाहेर पडलं. मी प्रसूतिकक्षात सात वर्षं काढली आहेत. पोटभर न जेवलेल्या आईचं बाळ जगवायला काय लागतं ते मला माहीत आहे.

११ च्या ११ जणी जिवंत बाहेर आल्या. लॉरा कॉब पुढे लेफ्टनंट कमांडर झाल्या. सगळ्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळालं.

पण त्या सुटकेची फिलिपिनो लोकांनी जबर किंमत दिली, हेही लिहिते. सैन्य निघून गेल्यावर जपान्यांनी आसपासच्या गावांत सूड घेतला आणि शेकडो गावकरी, बायकामुलांसह, मारले.

---

ताणाबाणा

शेवटचा परिच्छेद वाचून काही लिहवत नाही. पण ते लिहिलंत हे योग्य केलंत.

@कुलाबाकर, आईंच्या ड्रेसवर बारीक भोकं आहेत म्हणालात. कपड्यांना खळ आहे का अजून? हाताला कडक लागतात का?

---

कुलाबाकर

हो, अगदी पुठ्ठ्यासारखे आहेत. आईनं शेवटचे धुऊन, खळ घालून, इस्त्री करून ठेवले ते तसेच. ३० वर्षं झाली असतील. आई २०११ मध्ये गेली. घडीसुद्धा तिनं घातलेलीच आहे, म्हणून मोडायचं मन होत नाही.

---

वॉर्डनंबरसात

@कुलाबाकर, मन घट्ट करा आणि घडी मोडा. खळ हे पिठाचं पाणी. कसर खळीवरच येते आणि खळीबरोबर कापड खाते. तुमची भोकं तीच आहेत.

आधी पितळी तारे आणि बटणं काढून घ्या. ती वेगळ्या डबीत ठेवा, कपड्याला लावून ठेवली तर हिरवा डाग धरतात. मग ड्रेस मोठ्या टबात साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका. पाणी बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत बदलत राहा, पाच-सहा वेळा तरी लागेल. उचलताना दोन्ही हात खालून घालून उचला, जुनं कापड ओलं झालं की स्वतःच्या वजनानं फाटतं. पिवळ्या डागांना ब्लीच लावू नका, डाग राहिले तर राहू देत. सावलीत, चादरीवर आडवे वाळवा. इस्त्री नको, खळ तर नकोच. जुन्या, खूप धुतलेल्या मलमलच्या साडीत सैल गुंडाळा आणि घडी दरवर्षी वेगळ्या जागी पडेल असं बघा. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. ट्रंक पत्र्याची असेल तर तळाला जाड सुती कापड अंथरा, गंज लागतो.

---

कुलाबाकर

काकू, तारे आज रात्रीच काढले. सहा आहेत, दोन्ही खांद्यांचे मिळून. एकाच्या मागे आईनं पांढरा दोरा गुंडाळून ठेवलाय, बहुतेक पिन सैल होती म्हणून. तो दोरा तसाच ठेवू का?

---

वॉर्डनंबरसात

दोरा तसाच ठेवा. ड्युटीवर निघताना घाईत गुंडाळलेला असेल तो.